नूरीचा स्लो चेंडू

"कॅचरताई, तुम्ही जरा बाजूला होता का? फोटोत सावली येतेय तुमची."

उदगीरच्या कॉलेजच्या मैदानावर, राज्य सॉफ्टबॉल स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी, एका पेपरचा फोटोग्राफर मला असं म्हणाला. मी तोंडावरची जाळी काढून काखेत धरली आणि बाजूला झाले. नूरी तडवी हातात चेंडू धरून, उन्हानं डोळे बारीक करून उभी होती. दात सगळे दिसत होते. त्या सामन्यात तिनं चौदा जणींना बॅटही लावू दिली नव्हती. ते चौदाच्या चौदा चेंडू माझ्या हातात आले होते, पण फोटो एकट्या नूरीचाच निघाला.

मांडवाखाली निवड समितीचे पाटणकर सर पांढरी टोपी घालून बसलेले असत. ते उठून आले.

"गाव कुठलं गं तुझं?"

"जळगाव जामोदच्या पुढं, सर. पार डोंगराच्या पायथ्याले."

"कोणी शिकवलं?"

नूरीनं माझ्याकडे बोट केलं. "ह्या ताईनं. अन् तायडे सरांनी."

पाटणकर सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. नाव नूरीचंच लिहिलं असणार. माझं त्यांनी विचारलंच नाही.

तिनं सांगितलं ते खरं होतं, आणि तेच मला जास्त खुपत होतं. बुलढाणा जिल्ह्याच्या संघात दोन वर्षं चेंडू टाकणारी, म्हणजे पिचर, मी होते. शोभना झाडोकार. माझा चेंडू फार वेगवान नव्हता, पण मी तो हवा तिथे टाकायची. मग आमचे प्रशिक्षक असलेल्या तायडे सरांनी कुठल्याशा तालुक्याच्या स्पर्धेतून नूरीला आणलं. सतरा वर्षांची, हडकुळी, लांब हातांची. तिनं मांडीजवळून हात फिरवून पहिला चेंडू टाकला, तेव्हाच सर माझ्याकडे वळून म्हणाले, "झाडोकार, तुझे हात घट्ट आहेत. तू कॅचर हो." कॅचर म्हणजे बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून पिचरचा चेंडू झेलणारी. चेंडू कुठला टाकायचा तेही कॅचरच बोटांनी सांगते. आमचा इशारा साधा होता. एक बोट दाखवलं की जोराचा, दोन बोटं दाखवली की स्लो. नूरीचा स्लो चेंडू म्हणजे कमाल होती. हात तितक्याच वेगानं फिरायचा आणि चेंडू मात्र रमतगमत यायचा. समोरची बॅट फिरवून मोकळी व्हायची, तरी चेंडू अजून पोचलेला नसायचा. तो मीच तिला शिकवला होता.

तिच्या गावाला एसटी दिवसातून एकदाच जायची, म्हणून सरावाच्या दीड महिन्यात ती खामगावला आमच्याच घरी राहिली. आईला ती फार आवडली. शेजारणींना आई सांगायची, "सध्या आमच्याकडे दोन पोरी आहेत." नूरीच्या बोटांची सालं निघाली की आई हळद-तेल लावून पट्टी बांधायची. माझा भाऊ माझा एकही सामना बघायला कधी आला नव्हता, तो तिचा सराव बघायला सायकलवरून ग्राउंडवर यायला लागला. एकदा जेवताना तो म्हणाला, "शोभे, हिच्यापुढे तू म्हणजे नुसती गोट्या खेळत होतीस." सगळे हसले. मीही हसले. नूरी मात्र हसली नाही. तिनं ताटातली पोळी मोडली आणि म्हणाली, "ताई नसती तर मले चेंडू धरताबी आला नसता, दादा." मला वाटलं, हिनं निदान चांगलं तरी नसावं.

ती स्पर्धा माझी शेवटचीच होती. फेब्रुवारीत लग्न ठरलं होतं. राज्याच्या संघात नाव आलं असतं, राष्ट्रीय स्पर्धा खेळले असते, तर खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी लागायची आशा होती. सासरच्यांनी तसं कबूलही केलं होतं. नोकरी लागली तर करू दे, नाहीतर घर आहेच. पण कॅचरकडे कोण बघतो?

साखळीतले चारही सामने नूरीनं जिंकून दिले. चार सामन्यांत एक्केचाळीस जणी बाद. उदगीरची शाळकरी पोरं तिची नक्कल करत हात गरगर फिरवत हिंडायची. उपांत्य सामना परभणीशी होता. त्यांनी साखळीत दोन सामने गमावले होते आणि धावांच्या सरासरीवर कसेबसे वर आले होते. नाश्त्याच्या वेळी आमच्या मुली अंतिम सामन्याच्याच गप्पा मारत होत्या.

पहिल्याच डावात परभणीनं नूरीला फोडून काढून तीन धावा घेतल्या.

कोणाचाच विश्वास बसेना. जोराच्या चेंडूला त्यांच्या मुली नुसती बॅट आडवी धरून कड लावायच्या, आणि स्लो चेंडू आला की पाय रोवून थांबायच्या, तो अगदी जवळ येईपर्यंत, आणि मग भिरकावून द्यायच्या. जणू काय येणार हे त्यांना आधीच कळत होतं. दुसऱ्या डावात आणखी एक धाव गेली. तायडे सर रेषेपाशी येऊन ओरडले, "नूरी, शांत! शांत हो!" मोठ्या सामन्याला घाबरली, असं आमच्या बाकावर सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मला तिसऱ्या डावात दिसलं.

स्लो चेंडू तळव्यात खोल धरावा लागतो. तो तसा बसवताना नूरीचा ग्लोव्ह पाकिटाच्या तोंडासारखा उघडत होता. जोराच्या चेंडूला तो बंद राहायचा. आपल्या मुलींना सूचना द्यायला तिसऱ्या बेसजवळ उभी असलेली परभणीची एक बुटकी मुलगी तिथून बरोबर बघत होती. ग्लोव्ह बंद असला की ती ओरडायची, "बघ गं!" उघडला की, "जमव गं!" चार चेंडू मी तेवढंच ऐकलं. चारही वेळा बरोबर.

मी हात वर करून खेळ थांबवला आणि नूरीकडे चालत गेले. सांगायलाच निघाले होते. ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. ती घामानं निथळत होती, ओठ पांढरे पडले होते.

"ताई, काय होऊन राहिलं वं आज? माह्या हातालेच काही झालं का?"

तिच्या खांद्यामागे मला मांडव दिसला. पाटणकर सर पुढे वाकून बसले होते. आणि मला पहिल्यांदाच जाणवलं, की हिला फोडून काढलं तर तायडे सरांना पिचर म्हणून माझ्याशिवाय कोणी नाही.

"काही नाही झालं," मी म्हणाले. "टाक तू. घाबरू नको."

मी परत येऊन उकिडवी बसले. चौथ्या डावात तिन्ही बेसवर त्यांच्या मुली उभ्या होत्या. मी एक बोट दाखवू शकले असते. सलग जोराचेच टाकायला लावले असते तर कदाचित निभावलंही असतं. मी दोन बोटं दाखवली. नूरीनं मान हलवली. ग्लोव्ह उघडला. "जमव गं!" चेंडू आमच्या डावीकडच्या मुलीच्या डोक्यावरून गेला आणि एकदम दोघी घरी, म्हणजे माझ्यासमोरच्या शेवटच्या बेसवर, पोचल्या. परभणी सहा, आम्ही तीन.

सरांनी नूरीला बाहेर बोलावलं. ती टॉवेल डोक्यावरून घेऊन बाकावर बसली. कॅचरचं सगळं सामान मी अंगावरून उतरवून राखीव कॅचर पुष्पा हिवराळेला दिलं. बिचारी पुष्पा त्या स्पर्धेत पहिल्यांदाच मैदानात उतरत होती. आणि मी माझ्या जुन्या जागेवर जाऊन उभी राहिले.

पुढचे साडेतीन डाव मी जशी खेळले, तशी कधीच खेळले नाही. एकही धाव दिली नाही. आमच्या मुलींनी मधल्या वेळात चार धावा काढल्या आणि सात-सहा असा सामना आम्ही घेतला. मला उचलून धरलं. पाटणकर सर आले, माझं नाव विचारलं, आणि त्याचं स्पेलिंगसुद्धा विचारलं. तोच फोटोग्राफर आला. या वेळी बाजूला व्हायला त्यानं दुसऱ्यांना सांगितलं.

संध्याकाळी, उजेड होता तोवर, मी मुक्कामाच्या शाळेमागच्या नळावर कपडे धूत होते. नूरी माझ्या शेजारी येऊन बसली. तिनंही आपला टी-शर्ट भिजवला, पण चोळत काही नव्हती.

"ताई, आज तू बम भारी टाकलं."

"अगं, नशीब."

"ताई, तू समोर बसून होती. तुले काय वाटलं, माह्याकडून काय चुकलं?"

"काही नाही गं. एखादा दिवस असतो तसा."

"माह्या हाताकडे नीट पायलं का तू? काही येगळं होतं का?"

"नाही."

"स्लो चेंडू टाकताना?"

मी साबणाची वडी दगडावर ठेवली. "नूरी, किती वेळा विचारशील? नव्हतं काही. मोठे सामने असेच असतात. भल्याभल्यांचं होतं. जा, आराम कर."

"बरं," ती म्हणाली आणि उठून गेली. भिजवलेला टी-शर्ट तसाच राहिला. मी तो पिळून वाळत घातला. तेवढ्यानंच मला बरंही वाटलं.

सकाळी सरांनी अंतिम सामन्याचा संघ वाचला. पिचर नूरी. मी मान खाली घातली. ठीक आहे, सरांचा तिच्यावर जीवच आहे. मग ते म्हणाले, "कॅचर, पुष्पा."

मला वाटलं, ऐकण्यात चुकलं.

"झाडोकार, तू राइट फिल्डला. तुझा हात ताजा राहू दे. नूरीला पुन्हा मार बसला तर तुला आणीन."

"सर, पुष्पानं नूरीचे चेंडू कधी झेललेले नाहीत. तिचा जोराचा चेंडू शेवटी खाली पडतो, तो हिला—"

"मी ठरवलंय."

मी नूरीकडे पाहिलं. ती बुटाची नाडी बांधत होती.

राइट फिल्ड म्हणजे मैदानाचं टोक. तिथे तासन्‌तास काही येत नाही. समोर कोल्हापूरचा संघ होता, सलग तीन वर्षं जिंकत आलेला. मी लांबून नूरीची पाठ बघत होते आणि वाट बघत होते. पहिला डाव, काही नाही. दुसरा, काही नाही. आदल्या दिवशी जिला परभणीनं धुऊन काढलं, तिला कोल्हापूरची एकही बॅट नीट लागेना. स्लो चेंडूवर त्यांच्या मुली आपल्याच पायांत अडखळत होत्या. मी मनात म्हणत होते, आता फुटेल, आता फुटेल. दर वेळी टाळ्या वाजायच्या आणि सर माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. पाचव्या डावात मला उन्हात रडू आलं. टोपी पुढे ओढून मी ते घामात जिरवलं. आम्हालाही धाव काढता येत नव्हती. मी स्वतः दोनदा बाद झाले.

सातव्या आणि शेवटच्या डावात शून्य-शून्य असताना कोल्हापूरची एक मुलगी आमच्या चुकांमुळे तिसऱ्या बेसवर पोचली. दोन बाद होत्या. नूरीनं जोराचा चेंडू टाकला. बॅट फिरली, हुकली. पण तो शेवटी खाली पडणारा चेंडू पुष्पाच्या ग्लोव्हखालून निघाला आणि मागे जाळीपर्यंत गेला. तिसऱ्या बेसवरची मुलगी घरी आली. एक-शून्य. आमची बॅटिंगची पाळी आधीच होऊन गेली होती, त्यामुळे सामना तिथेच संपला.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही. माझ्या हातून तो चेंडू सुटला नसता, हे मैदानावरच्या प्रत्येकाला आता कळलं असेल, असं वाटून माझ्या अंगावर शहारा आला.

पुष्पा गुडघ्यांवर बसली होती. नूरी तिच्याकडे गेली, तिची खाली पडलेली जाळी उचलली, आपल्या शर्टानं पुसली आणि तिला बगलेत धरून उठवलं. "तो चेंडू मीच वाईट टाकला," असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत होती. तो चेंडू वाईट नव्हता.

राज्याच्या संघात नूरीचं नाव आलं. माझं आलं नाही. राइट फिल्डला उभ्या असलेल्या मुलीत कोणाला काय दिसणार? फेब्रुवारीत माझं लग्न झालं. पुढे बी.पी.एड. करून मी चिखलीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. नूरी राष्ट्रीय स्पर्धेला गेली. तिथे तिला एकाच सामन्यात उतरवलं, आणि तोही ते हरले. पण त्या प्रमाणपत्रावर ती पोलिसात लागली.

एकोणीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आले. नवऱ्याला, शाळेतल्या सहकाऱ्यांना, माझ्या हाताखालच्या मुलींना. तायडे सरांनी आदल्या दिवशी सामना जिंकून देणाऱ्या मुलीला राइट फिल्डला उभं केलं, आणि एका सुटलेल्या चेंडूवर सुवर्णपदक गेलं, अशी. सर वारले तेव्हा मी भेटायलाही गेले नाही. परभणीच्या त्या बुटक्या मुलीबद्दल मी कधी कुणाला काही बोलले नव्हते.

वाशिमला विभागीय शालेय स्पर्धा होत्या. माझ्या मुलींचा सामना दुपारी होता. पायऱ्यांवर बसले होते, तर मागून कोणीतरी म्हणालं, "शोभाताई?"

खाकी वर्दीत होती. अंगानं भरली होती, पण हात तसेच लांब. तिची बदली तिथेच झाली होती आणि सॉफ्टबॉल आहे कळल्यावर ती अर्ध्या तासासाठी म्हणून आली होती. आम्ही मुलांबद्दल बोललो, माझी आई गेली त्याबद्दल बोललो. आईचं ऐकून तिनं पदरासारखा रुमाल डोळ्यांना लावला. मग ओघात उदगीर निघालंच.

"सरांनी त्या दिवशी मला कॅचरच्या जागेवरून काढलं नसतं ना," मी नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "तर पदक आपलं होतं नूरी. बिचाऱ्या पुष्पाचा काय दोष? पण सरांनी—"

"सरांनी नाही काढलं, ताई. मी सांगितलं होतं सरले."

मैदानात कोणाचा तरी सराव चालला होता. चेंडूचे आवाज येत होते.

"मी म्हटलं, ताईले ताजी ठेवा, मी पुन्हा फुटली तर लागन. सरले पटलं."

"का पण?"

ती माझ्याकडे न बघता बोलली. आवाजात राग नव्हता. "परभणीची एक पोरगी होती, ठेंगणी. त्या दिवशी सामना झाल्यावर मेसमधी माह्या बाजूले येऊन बसली. म्हणे, तू चांगली टाकते, म्हणून सांगते. स्लो टाकताना तुझा ग्लोव्ह उघडतो. आम्ही हरलोच आहोत, आता सांगायला काय. मग मी सगळा सामना आठोला. तुले दिसलं नसंल असं होऊ शकत नोतं. तूच शिकवला होता ना तो चेंडू. अन् मग ते दोन बोटं आठोले."

माझा उजवा हात मी मांडीखाली घेतला.

"तरी वाटलं, सांगशील. म्हणून नळावर आली होती. तीनदा इचारलं तुले."

"नूरी..."

"दुसऱ्या दिवशी तुह्या बोटाकडे पाहून मले टाकता आलं नसतं, ताई. बस्स, एवढंच. पुष्पाच्या हातून सुटन हे मले माहीत होतं." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "एक इचारू? चौथ्यांदा इचारलं असतं, तर सांगितलं असतं का?"

खोटं बोलायला तोंड उघडलंच होतं मी. पण समोर तोच चेहरा होता, ओठ तेवढे आता पांढरे नव्हते.

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. अगदी तशीच, जशी इशारा समजल्यावर हलवायची. मग घड्याळात पाहिलं, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाली, "चला, ड्युटी आहे माही."

"पुष्पाला माहीत आहे हे?" मी विचारलं.

"कोणालेच नाही. सांगून काय करू?"

ती पायऱ्या उतरून गेली. खाली मुलींच्या घोळक्यात कोणीतरी तिला ओळखलं असावं, कारण दोघीतिघी तिच्यामागे धावत गेल्या आणि तिनं त्यांच्यातल्या एकीचा चेंडू हातात घेऊन बोटं कशी धरायची ते दाखवलं. एकोणीस वर्षं तिनं माझं नाव कुणापुढे खराब केलं नव्हतं. मी मात्र सरांचं नाव गावभर खराब करून ठेवलं होतं. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण खरं सांगायचं तर, त्या पायरीवर बसल्या बसल्या, आधी आला तो हेवाच.

माझ्या मुली बोलवायला आल्या, "मॅडम, टॉस झाला, चला." मी उठले. आमच्या पिचरला जवळ घेतलं आणि तिच्या ग्लोव्हबद्दल मला चार दिवसांपासून दिसत असलेली गोष्ट सांगितली.